बर्फातली बोटं

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, परळच्या एका मोठ्या इस्पितळात, धम्मपालच्या डाव्या अनामिकेच्या नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब टाकण्यात आला. डॉक्टर पूर्वींनी ते बोट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं.

"हे काय हो मॅडम?" मागे स्टुलावर बसलेल्या सुंदराबाईने विचारलं.

"केसाहून बारीक रक्तवाहिन्या आहेत, मावशी. नखाच्या मुळाशी कातडी पातळ असते, म्हणून तिथे दिसतात."

मायलेक घोडपदेवहून आले होते. धम्मपाल दिवसा कुरिअर कंपनीत कामाला आणि संध्याकाळी बँजो पार्टीत. येत्या जयंतीच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदाच मुख्य बँजो वाजवणार होता. लहानपणापासून त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्यांच्या पार्टीची एक रीत होती. तासन्‌तास बटणं दाबून बोटं पेटली की ती बर्फाच्या पाण्यात बुडवायची. पार्टीचे मास्तर दौलतमामा नव्या पोरांना सांगायचे, "बर्फ खाऊ दे बोटांना. कडक झाली की मग बघा." धम्मपालची बोटं त्या पाण्यात पांढरीफटक पडायची, मग जांभळी, मग लालबुंद. पुढे पुढे ती खरंच कडक झाली. कातडी ताणून चकाकायला लागली. दौलतमामांनी सगळ्यांसमोर त्याचा हात वर धरला होता. "ह्याला म्हणतात तयार हात!"

तो वाजवून घरी यायच्या आत सुंदराबाई टोपात बर्फ काढून ठेवायची. फ्रिजमधले दोन ट्रे त्याच्याच नावाचे होते. मग त्याची मूठ मिटेना. चहाचा कप हातातून सुटला. तर्जनीच्या टोकाला काळा ठिपका आला, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला.

"चांगल्या कशा दिसतात?" पडद्याकडे बघत धम्मपालने विचारलं.

"मावशी, तुमचा हात द्या जरा."

"माझा नको हो. भांडी घासून पार वाया गेलाय." तरी तिने पदराला पुसून हात पुढे केला. भायखळ्याला चार घरची धुणीभांडी करून नखं झिजली होती, कातडीला भेगा होत्या. तेलाचा थेंब पडला. पडद्यावर बारीक बारीक आकडे दिसले, केसांना लावतात तसे, एकाशेजारी एक ओळीने लावून ठेवल्यासारखे.

"एकदम छान आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

धम्मपाल हसला. "बघ आई. तुझं आतूनसुद्धा टापटीप."

सुंदराबाईने हात ओढून घेतला आणि पदराखाली लपवला.

डॉक्टरांनी पुन्हा त्याचं बोट घेतलं. काही आकडे फुग्यासारखे फुगले होते, काहींच्या शेजारी रक्ताचे ठिपके साचले होते. मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या.

"इथे काय होतं?" त्याने विचारलं.

"रक्तवाहिन्या होत्या. गेल्या."

"परत येतात?"

"सहसा नाही. उरल्यात त्या सांभाळायच्या." कातडी आतून कडक करणारा हा आजार आहे, कधी कधी तो फुप्फुसांतही शिरतो, असं त्यांनी सावकाश सांगितलं. रक्ताचे रिपोर्ट आणि छातीचा स्कॅन आल्यावर नक्की कळणार होतं. "आणि गार पाणी बंद. बर्फाला तर हातच लावायचा नाही."

"मॅडम," सुंदराबाई म्हणाली, "बर्फ मीच देत होते."

"बर्फाने हा आजार होत नाही, मावशी. खरंच नाही."

"पण बंद करा म्हणालात."

"हो. गारव्याने नसा आवळतात, त्रास वाढतो ना."

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. तिने मान हलवली, पण नजर जमिनीवरच होती.

फाटकाशी येतात तोच दौलतमामांचा फोन आला. बोटांनी फोन नीट धरवत नव्हता, म्हणून धम्मपालने स्पीकर लावला.

"काय रे धम्म्या, झालं का दाखवून? जयंतीला मेन तूच ना?"

"रिपोर्ट यायचाय, मामा."

"अरे रिपोर्टचं काय घेऊन बसलास! बोटं बघ तुझी. दगड झालीत, दगड!"

धम्मपालने फोन ठेवला. सुंदराबाईने भर रस्त्यात त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली.

"आई, लोक बघतायत."

"बघू दे."

बोटं गार होती. आजवर तिला वाटायचं, बर्फाने गार पडतात. आज बर्फ नव्हता.

घरी गेल्यावर तिने दोन्ही ट्रे मोरीत उपडे केले. बर्फ वितळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

शुक्रवारी स्कॅन झाला. शनिवारी दुपारपर्यंत रिपोर्ट आलेला नव्हता. तर्जनीवरचा काळा ठिपका आहे तेवढाच आहे. दौलतमामांनी मुख्य बँजोवर अजून दुसऱ्या कोणाला बसवलेलं नाही.