स्टार्ट नसलेला रिमोट

दोन नंबरचा रिमोट म्हणतात मला, मित्रांनो. टीव्हीचा नव्हे हं, टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचा. आता जुना झालोय. वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी, बटणांखालचं रबर झिजलेलं, आणि मुक्काम घोटावड्यात, एका बिस्किटांच्या डब्यात. आमच्यात दोन भाऊ असतात, एकाच साच्यातून निघालेले. पण थोरल्याला बटणं जास्त, आणि त्यात एक स्टार्टचं. ते दाबलं की खेळ सुरू होतो, आणि मध्येच दाबलं की थांबतो. मला ते दिलंच नाही. का नाही, देव जाणे! दुसऱ्याला कशाला हवंय, असं वाटलं असेल बनवणाऱ्याला.

२००४च्या दिवाळीत दयानंदरावांनी आम्हाला त्यांच्या मुलीसाठी, जुईलीसाठी, पुण्याहून आणलं. ते मूळचे परभणीचे, नोकरी हिंजवडीच्या एका ऑफिसात. घोटावड्यात कुशाबांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब भाड्याने राहायचं. खाली कुशाबा, सारजाबाई, त्यांची पिंकी आणि गोठ्यात एक म्हैस. जुईली आणि पिंकी दोघी चौथीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. जुईलीने थोरल्याला उचललं आणि मी पिंकीच्या हाती आलो. पहिल्या दिवशी तर तिने मला उलटंच धरलं होतं. तिच्या हातांना शेणाचा आणि चिंचेचा वास यायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

दोघींचा लाडका खेळ एकच. दोन शिपाई, निळा जुईलीचा, तांबडा पिंकीचा. शत्रूच्या गोळ्या चुकवत दोघांनी मिळून जंगल पार करायचं. एक मागे राहिला तर चित्र पुढे सरकायचंच नाही. प्रत्येकीला मोजक्या लाईफ मिळायच्या, आणि एकीच्या संपल्या तर तिला बटण दाबून दुसरीची एक घेता यायची. जुईली धांदरट, पुढे धावायची आणि पटापट मरायची. पिंकी जपून खेळायची.

"घे की माझी," ती म्हणायची. "मला लई हायेत."

जुईलीची आई हेमलताबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "पिंकी आहे म्हणून आमच्या बाईसाहेबांचं निभतंय." ते ऐकून मी असा काही फुगायचो, की विचारू नका.

शेवटचा राक्षस मात्र दोघींनी कधीच पाहिला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच लाईट जायची. लोडशेडिंगचे दिवस होते, आणि एकदा लाईट गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून.

मार्चमधला तो रविवार मला अजून आठवतो. दोन वाजता लाईट जाणार होती. पावणेदोनला दोघी पहिल्यांदाच शेवटच्या टप्प्यात पोचल्या. माझी बटणं पिंकीच्या घामाने निसरडी झाली होती. तेवढ्यात खालून सारजाबाईंची हाक आली.

"पिंके, पळत ये गं! म्हस व्याया लागलीया! तुजा बा न्हाई घरात!"

"थांबीव गं जुईली, आलेच मी!" असं म्हणत पिंकीने मला सतरंजीवर ठेवलं आणि ती जिन्यावरून धडाधड उतरली.

जुईलीचा अंगठा स्टार्टवर गेला. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि अंगठा बाजूला घेतला.

मी उताणा पडलो होतो. माझ्यावर बोटच नाही, तर तांबडा शिपाई काय करणार? उभ्या उभ्या मेला. परत आला, परत मेला. तो हलत नव्हता म्हणून चित्रही पुढे सरकेना, आणि जुईली चक्क त्याच्या मरण्याची वाट पाहत बसली! मग तिच्याही लाईफ संपल्या, तेव्हा पिंकीची उरलेली शेवटची तिने घेतली. विचारायला पिंकी होती कुठे? माझ्याकडे स्टार्ट असतं ना मित्रांनो, तर मी माझं मीच दाबलं असतं. शेवटी राक्षसाचं दार उघडायला लागलं, आणि लाईट गेली. दोनला अजून पाच मिनिटं होती.

अर्ध्या तासाने पिंकी धावत वर आली. हात ओले, तोंडभर हसू. काळा टीव्ही पाहून थबकली.

"लाईट गेली व्हय? माझ्या किती उरल्या हुत्या?"

"एकही नाही," जुईली म्हणाली. "शेवटची मी घेतली."

"मी थांबीव म्हणले हुते."

"लाईट जाणार होती ना! आणि म्हशीचं काय एवढं? तुझ्यावाचून अडणार होतं का तिचं?"

पिंकीचं हसू मावळलं. तिने माझी वायर खसकन उपटली. "मग खेळ आता एकलीच!" करंगळी पुढे करून कट्टी घेतली आणि मला घेऊन खाली आली. गोठ्यात नुकती जन्मलेली पारडी धडपडत उभी राहत होती. पिंकी आईच्या पदरात तोंड खुपसून रडली. "तिचं नाव जुईलीलाच ठिवाया सांगणार हुते गं मी."

कट्टी महिनाभर चालली. बाकावर दोघींच्या मध्ये दप्तर. पिंकीला वाटायचं, जुईली मला मागायला खाली येईल, मग तिला पारडी दाखवू. जुईलीला लाज वाटत असेल, ती आलीच नाही.

परीक्षा संपली आणि दाराशी टेम्पो लागला. दयानंदरावांनी वाकडला फ्लॅट घेतला होता. जुईली गोठ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन बोटं जोडून तिने बट्टीसाठी हात पुढे धरला होता. पिंकी आत, मला छातीशी धरून, दाराच्या फटीतून बघत होती.

"अगं जा की!" सारजाबाई कुजबुजल्या. "निगाली ती!"

"हाक तरी मारू दे तिला," पिंकी म्हणाली.

टेम्पोचा हॉर्न वाजला. पिंकी दार उघडून पळाली तोवर टेम्पो वळणापलीकडे गेला होता.

दोन वर्षांनी कुशाबा तिला वाकडला घेऊन गेले. मी पिशवीत होतो. "ते लोक बंगळूरला गेले," वॉचमन म्हणाला. पत्ता त्याच्याकडे नव्हता. येताना एसटीत पिंकी सगळा रस्ता माझी बटणं दाबत होती. मी कशालाच जोडलेला नव्हतो, पण तिला कोण सांगणार?

आज २०१० साल आहे. पिंकी आता नववीत आहे. माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या हातात स्टार्टचं बटण असेल आणि मैत्रीण 'थांब' म्हणाली, तर थांबा. राक्षस काय, उद्याही भेटेल. आणि तुमची लाईफ कुणी न विचारता घेतलीच, तर भांडा, खुशाल भांडा, पण टेम्पो निघायच्या आत बट्टी करा. माझ्यासारख्याला खेळ ना सुरू करता येतो, ना थांबवता.

ती पारडी आता चांगली म्हैस झाली आहे. दिवस मावळायला पिंकी गोठ्याच्या दारात उभी राहते आणि रानाकडे तोंड करून हाक मारते, "जुईली, ये गं!" डब्यात मी दर वेळी कान टवकारतो. म्हैस येते.