पादुकांना स्पीकर लावला तेव्हा

"वहिनी, पेटी बंद दिसली तरी या दोन टोकांना दोन हात एकदम लावायचे नाहीत. वल्लरीला इकडे फिरकू देऊ नकोस. आणि आईला तर नाहीच नाही."

माझा धाकटा दीर निनाद बाल्कनीत फतकल मारून बसला होता. गाडीतल्या अँप्लिफायरसाठी तो घरीच पॉवर सप्लाय बनवत होता. हातात बांगडीएवढी काळी कडी, तिच्यावर तो तांब्याची तार वेढत होता.

"बारा व्होल्टची तर बॅटरी," मी म्हटलं. "त्याने मुंगी तरी मरते का?"

"बॅटरी बाराचीच. पण हे सर्किट त्या बाराचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतं, या वेढ्यांतून नेतं आणि पलीकडे साठ-सत्तर करून देतं. त्याशिवाय अँप्लिफायर दणदणत नाही."

"बरं बाबा," म्हणून मी पोळ्या लाटायला गेले. अर्धं ऐकलं, अर्धं सोडून दिलं. घरात वल्लरीसारखी दोन वर्षांची मुलगी असली की प्रत्येकजण काही ना काही बजावतच असतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या पटांगणात दर गुरुवारी ऊर्जानाथ महाराजांची पांढरी गाडी येऊ लागली.

गर्दी विचारू नका! आमच्या सगळ्या विंगमधले लोक तर होतेच, शिवाय कळंबोलीहून रिक्षा भरून लोक यायचे, आसपासच्या गावांतून टेम्पो यायचे. गाडीचा मागचा दरवाजा वर उचललेला, आत भगवं सॅटिन आणि त्यावर तांब्याच्या दोन पादुका. शेजारी बादलीत 'सागरतीर्थ', म्हणजे उरणच्या समुद्राचं खारं पाणी. त्यात हात बुडवायचे, ओलेच पादुकांवर ठेवायचे. मग महाराज डोळे मिटायचे, आणि बोटांपासून खांद्यापर्यंत लयीत झिणझिण्या चढायच्या.

"ना तार, ना खांब, ना लाइटबिल!" महाराज गर्जायचे. "इंजिन बंद, चावी माझ्या हातात! मग ही शक्ती येते कुठून? बोला सायन्सवाले! एक हात लावलात तर देव म्हणेल, अर्धाच आलास होय रे? दोन्ही हात लावा! पूर्ण या!"

आणि खरंच, एका हाताने काही जाणवत नसे. दोन्ही लावले की शक्ती.

आमचे सेक्रेटरी कमलाकर काका म्हणजे शिकलेला, चौकस माणूस. मी त्यांना अडवून विचारलं, तर ते हसले. "चारुता, माझं आयुष्य कारखान्यात गेलं. मी आंधळेपणाने हात जोडीन का? स्वतः टेस्टर लावला पादुकांना. दिवा लागला नाही. म्हणजे करंट नाही. संपलं!"

टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे करंट नाही. हे आपल्याकडचं वेदवाक्य. फ्यूज बदलणारा प्रत्येक पुरुष ते म्हणतो आणि घरातल्या सगळ्यांचं त्यावर समाधान होतं. माझंही झालं असतं. पण माझ्या सासूबाई त्या रांगेत होत्या.

सासूबाईंना, आशालताबाईंना, गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली कातडीआड चौकोनी उंचवटा दिसतो. त्यांना तो मुळीच आवडत नाही. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, ब्लाउजचे गळे बदलावे लागले. "छातीत दुसऱ्याचं घड्याळ ठेवल्यासारखं वाटतं," म्हणतात. महाराजांनी नेमकं तेच हेरलं. "माई, माणसाने बसवलेलं यंत्र देव काढून टाकील. येत राहा."

त्या गेल्या. दुसऱ्याच खेपेला पादुकांवर हात असतानाच कोसळल्या. कमलाकर काका त्यांना धरून घरी घेऊन आले, पण चेहऱ्यावर काळजी नाही, आनंद! "समाधी लागली हो आशालताबाईंना! महाराज म्हणाले, असं भाग्य क्वचित कुणाचं."

आईंचे ओठ पांढरेफटक होते. "सगळा काळोख झाला, चारुता," त्या हळूच म्हणाल्या. "किती शांत वाटलं."

मी तशीच रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मशीन ठीक होतं. मी पादुकांचं सांगितलं तसे ते खुर्चीत सरसावून बसले.

"हातांतून करंट गेला की हे यंत्र फसतं. त्याला वाटतं, हृदय स्वतःच धडधडतंय. मग ते गप्प बसतं. आणि तुमच्या सासूबाईंचं हृदय त्याच्या भरवशावर आहे. ते थोडा वेळ गप्प बसलं तर चक्कर येते. जास्त वेळ बसलं तर..." पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

"पण तिथे करंट नाही म्हणतात. टेस्टर लागत नाही."

"टेस्टरचं मला कळत नाही, बाई. चक्कर कशाची, ते कळतं."

घरी येऊन मी निनादला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओले हात, मीठ, एका हाताने काही नाही, दोन्ही हातांनी झिणझिण्या, इंजिन बंद. त्याने सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली.

"गाडीत मागे पंख्याचा बारीक आवाज येतो का?"

येत होता. सॅटिनखालून. मला वाटलं होतं, महाराजांना उकडत असेल.

"वहिनी, हे मी बनवतोय तेच आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून अँप्लिफायरला दिलेत, त्याच्या तारा स्पीकरऐवजी पादुकांना जोडल्यात. टेस्टर घरच्या लाइनसाठी असतो, तो इथे लागणारच नाही. हा करंट जमिनीकडे जातच नाही. एका पादुकेतून निघतो आणि दुसरीत शिरतो. मध्ये जो उभा असेल त्याच्या छातीतून."

आईंना समजावताना तोंडाला कोरड पडली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघांना शिकल्याचा गर्व झालाय. मला आता पाणीसुद्धा तुमच्या परवानगीने प्यायचंय का?"

गुरुवारी मी वल्लरीला आंघोळ घालून बाहेर आले, तर दारातल्या आईंच्या चपला गायब. निनादच्या कानावरचे हेडफोन मी ओढूनच काढले. त्याने जुना स्पीकर काखेत मारला, मी ओल्या पोरीला टॉवेलसकट कडेवर घेतलं आणि जिन्याने धावत सुटलो.

आई रांगेत पुढे पोचल्या होत्या. मागे एक पन्नाशीचा माणूस, सदऱ्याची वरची बटणं उघडी. त्याच्या डाव्या खांद्याखालीही तोच चौकोनी उंचवटा.

"ताई, माज्या बी छातीत हाय," तो आईंना कौतुकाने सांगत होता. "सरकारी योजनेतनं बसवलं. मागल्या येळंला हितंच चक्कर आली, पन मन लय हलकं झालं बगा. दत्ता माजं नाव. आमी आपटा गावचं. वीटभट्टीवर आसतो."

मी आई आणि पादुका यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो चारुता. चारचौघांत तमाशा नको."

"सुनेच्या अंगात शंकासुर शिरलाय!" महाराज ओरडले. गर्दी खो खो हसली. "माई, हात बुडवा. तिच्याकडे बघू नका!"

आईंनी बादलीत हात घातले. मी वल्लरीला खाली उभं केलं आणि त्यांची ओली मनगटं घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर बळ वापरत होते. तेवढ्यात निनादने खाली वाकून स्पीकरच्या तारांचे दोन चिमटे दोन पादुकांना अडकवले. स्पीकर जळू नये म्हणून तारेत एक साधा बल्बही जोडलेला होता.

आणि पादुका बोलल्या. हूं... हूं... हूं... बल्ब त्या लयीत अंधुक लाल होत होता.

"देव बोलला!" कुणीतरी किंचाळलं. माणसं भराभर जमिनीवर डोकी टेकू लागली. हे असं होईल हे आमच्या मनातच आलं नव्हतं.

पण मग हुंकार थांबला आणि स्पीकरमधून एक लाडिक बाई म्हणाली, "पाच मिनिटांत पर्सनल लोन! कागदपत्रांची कटकट नाही! आत्ताच अ‍ॅप डाउनलोड करा!"

टेकलेली डोकी वर झाली. मग वल्लरीने टाळ्या वाजवल्या, "गाणं! गाणं!" आणि मागून एकजण म्हणाला, "महाराज, देवालाही हप्ते भरायचेत का?"

महाराजांचा चेला केतन खिशातला मोबाइल बंद करायला धडपडत होता. हुंकाराचं फुकटातलं अ‍ॅप, ब्लूटूथने अँप्लिफायरला जोडलेलं, त्यात मध्येच जाहिरात. निनादने सॅटिन उचललं. खाली अँप्लिफायर, बोटभर जाड लाल केबल आणि पेटीत तीच तांब्याने वेढलेली काळी कडी.

"मला नका धरू," केतन रडकुंडीला आला. "मी नुसता मोबाइल सांभाळतो. जोडणी महाराजांचीच. आधी ट्रकमध्ये टेप बसवायचे."

कमलाकर काका वाकून त्या पेटीत डोकावले. मग खिशातला टेस्टर काढून त्यांनी गवतात टाकला. "टेस्टर खोटा नव्हता," ते म्हणाले. "मी त्याला भलताच प्रश्न विचारला."

कुणी पोलिसांना फोन लावेपर्यंत महाराजांनी धाडकन दरवाजा ओढला. "जिथे श्रद्धा आहे तिथे जातो! पुढचा गुरुवार आपट्याला!" गाडी गेटबाहेर पडली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली आहे. गाडी अजून सापडलेली नाही.

त्या रात्री वल्लरी झोपल्यावर आई म्हणाल्या, "पण मला खरंच काहीतरी जाणवलं होतं गं."

"जाणवलंच होतं, आई. करंट होता तो."

"म्हणजे हे यंत्र आता निघायचं नाही."

"नाही."

त्यांनी माझा हात घेऊन त्या उंचवट्यावर ठेवला. त्या रडत होत्या. मला जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही.

मी देवाविरुद्ध लिहीत नाही. झिणझिण्या आल्या हे खरं, चक्कर आली हेही खरं. पण त्या कशाने आल्या, हे गर्दीला विचारून ठरत नाही, आणि एकदा तपासलं म्हणून तपासणं संपत नाही. सॅटिन उचलून बघायला हवं.

माझी झोप मात्र उडाली आहे ती दत्तामुळे. गडबडीत मी त्याला शोधलं तेव्हा तो गेटबाहेर टेम्पोत चढत होता. हुंकार ऐकताच तो सोबतच्यांना सांगायला गेटकडे धावला होता, जाहिरात त्याने ऐकलीच नव्हती. त्याच्या कानावर फक्त हुंकार पडला होता. "ताई, देव बोलला!" लांबूनच हात जोडून तो ओरडला. मी हाका मारत राहिले. टेम्पो गेला. रविवारी आम्ही आपट्याला जाऊन आलो, पण भट्टीवरची माणसं काम संपलं की दुसरीकडे जातात. कुणाला धड सांगता आलं नाही.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर कृपा करून भट्ट्यांवर चौकशी करा. नाव दत्ता, पन्नाशीचा, डाव्या खांद्याखाली चौकोनी उंचवटा. भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका, हसू नका. शेजारी बसा, जाहिरातीचं सांगा, आणि त्या पादुकांवर हात ठेवायचे नाहीत एवढं वचन घ्या. गुरुवारच्या आधी जा.