फिरता तळ

जुना व्हाइस, म्हणजे कामाचा तुकडा जबड्यात आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, ओळखायचा असेल तर आधी त्याच्या पोटाखाली बघावं. लोक तोंड बघतात. तोंडावर रंगाचे चार थर असतात, वरून कुणीतरी हौसेनं चंदेरी फासलेला असतो, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की आजोबांच्या काळातला आहे. त्याला आजोबासुद्धा धड आठवत नसतात. पुढचा जबडा पूर्ण बाहेर ओढायचा, उलटा करायचा आणि सरकणाऱ्या भागाखाली तारेचा ब्रश मारायचा. कारखान्याची खूण, साच्याचा नंबर, नशीब असेल तर सालसुद्धा तिथं सापडतं. मूळ रंग हवा असेल तर जबड्याच्या पट्ट्या काढून मागे बघायचं. हौशी लोकांचा ब्रश तिथवर पोचत नाही.

एवढ्यानं कारखाना कळतो. माणूस कळायला आणखी बघावं लागतं. दांडी वाकलेली असेल तर मालक उतावळा, दांडीत पाइप घालून जोर लावणारा. मागच्या सपाट भागावर हातोड्याचे खळगे असतील तर त्याच्याकडे ऐरण नव्हती, किंवा होती पण उठून जायचा कंटाळा होता. उजव्या हाताचा माणूस कानस चालवतो तेव्हा जबड्याचा एक कोपरा खातो, डावखुरा दुसरा खातो. अशी कधीच न भेटलेल्या माणसांशी माझी चांगली ओळख आहे. जिवंत माणसांशी फारशी नाही. बायको गेली, मुलगी लांब असते. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो, आणि आमच्याकडचं बोलणं संपतं. एकटेपणाचं मी कौतुक करणार नाही. घर खायला उठतं, म्हणून मी मागच्या शेडमध्ये गंज घासत बसतो.

शेडमधल्या टेबलावर डाव्या हाताला एक फिरता तळ घट्ट बसवलेला आहे. त्यावर व्हाइस ठेवला की तो हव्या त्या बाजूला वळवता येतो, आणि एका चौकोनी डोक्याच्या बोल्टानं जागच्या जागी आवळता येतो. पण त्यावर व्हाइस नाही आणि बोल्टही नाही. नुसता तळ. भेटायला येणारे विचारतात हे काय, मी म्हणतो राखदाणी.

तो आमच्या वडिलांचा. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये एकच मोठा व्हाइस होता आणि आम्ही भाऊ दोन, दादा उजव्या हाताचा आणि मी डावखुरा. वडिलांनी टेबलच खोलीच्या मधोमध टाकलं, म्हणजे एका बाजूनं तो उभा राहील आणि दुसऱ्या बाजूनं मी. चौकोनी काम आलं की दोन बाजू दादानं घासायच्या, जबड्यात तसंच धरून ठेवायचं आणि उरलेल्या दोन मी. मग वडील काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचे. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. गुण्या खिशात परत गेला की समजायचं, पास.

ते गेले आणि वाटण्या झाल्या. ड्रिल त्याला, ग्राइंडर मला, सगळं सरळ चाललं होतं. घोडं अडलं ते व्हाइसवर. दादा म्हणाला मी थोरला, मी म्हणालो जबड्याची पट्टी मी बसवली आहे. दोघांच्याही नाकावर राग, आणि सोडायचं कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मामा वैतागले. त्यांनी व्हाइस तळापासून सोडवला, वरचा भाग दादाच्या पुढ्यात ठेवला, तळ माझ्या पुढ्यात, आणि मधला बोल्ट स्वतःच्या खिशात घातला. म्हणाले, अक्कल आली की दोघं मिळून या, बोल्ट देतो. मामांना वाटलं, अर्ध्या व्हाइसची लाज वाटून आम्ही आठवड्यात येऊ. मामांनी आम्हाला ओळखलंच नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातले आम्ही. मामा गेले, बोल्टही कुठं गेला कोण जाणे. दादा दुसऱ्या गावी राहायला गेला. लग्नकार्यात एका मांडवात दोन टोकांना बसायचो आणि जेवून आपापल्या घरी जायचो. पुढं तेही बंद झालं.

गेल्या हिवाळ्यात भंगारवाला गाडी घेऊन आला. गावोगावचे व्हाइस तोच माझ्याकडे आणतो. त्या दिवशी त्यानं एक धूड उतरवलं आणि पैसे नकोत म्हणाला. एका म्हाताऱ्या मालकानं फुकट दिलाय, म्हणे. मी विचारलं, भंगारवाल्याला फुकट देणारा हा कोण कर्ण.

"ते म्हणाले, तो डावखुरा आहे ना, त्यालाच दे. दुसरीकडं गेला तर बघ."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. तरी खात्री करून घ्यायची म्हणून मी पोटाखाली बघायला वाकलो. गरज नव्हती. व्हाइसच्या एका कानाशी, तडकलेल्या जागी, वडिलांनी भरलेला पितळेचा टाका होता. एक पट्टी मी बसवली होती, तिच्यामागे डब्याच्या पत्र्याचा तुकडा मीच सारला होता, तो अजून तिथंच होता. आणि जबड्याचे दोन्ही कोपरे झिजलेले. असा दुसरा व्हाइस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

सगळा गंजलेला होता, पण जबड्यात धरलेला तुकडा कोरा करकरीत होता. चौकोनी डोक्याचा बोल्ट. आटे पाडलेले, आणि डोक्याच्या दोन बाजू कानशीनं घासून आरशासारख्या केलेल्या. उरलेल्या दोन तशाच ओबडधोबड. मी खाली स्टुलावर बसलो. भंगारवाल्याला वाटलं मला चक्कर आली. मी त्याला म्हटलं काही नाही, जा तू. तो गेल्यावर मी रडलो. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला बोलावलं होतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? पिशवीत दोन कपडे टाकील आणि पुढची बस धरील. मी व्हाइस खोलायला घेतला.

माझं म्हणणं असं होतं की असा गंजका व्हाइस घेऊन दादाच्या दारात उभं राहायचं नाही. त्यानं तो माझ्याकडे का पाठवला? मी नीट करीन म्हणून. मग नीट करूनच न्यायचा. स्क्रू रॉकेलमध्ये भिजत घातला. बाकीचे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून त्यात बॅटरीच्या चार्जरचा करंट सोडला, त्यानं गंज सुटतो आणि लोखंडाला इजा होत नाही. त्याला वेळ लागतो. रंगाचे थर एकेक करून उतरवले. खाली वडिलांचा हिरवा निघाला, तसाच हिरवा मिळवायला मी चार दुकानं पालथी घातली. पितळेचा टाका झाकला नाही. झिजलेले कोपरे भरले नाहीत. रंगाचा पहिला हात दिला, त्यात धुळीचा कण बसला. खरवडून पुन्हा दिला. सगळं करताना मी दादाशी बोलत होतो. त्याचे टोमणे मला पाठ होते, त्यामुळे दोघांच्या वतीनं मीच बोलायचो. इतके चांगले दिवस मला फार काळात मिळाले नव्हते.

मध्ये भंगारवाला एकदा येऊन गेला. म्हणाला, ते म्हातारे मालक मला हटकून विचारत होते, पोचला का, डावखुरा काय म्हणाला.

"त्यांना सांग, रंग वाळतोय."

तो जरा घुटमळला. म्हणाला, काका, ते हल्ली खुर्चीतून उठत नाहीत. मी म्हटलं, म्हातारपणी कोण उठतं. मी दुसऱ्या हाताच्या तयारीत होतो.

शेवटी बोल्टाच्या उरलेल्या दोन बाजू घासल्या. हात थरथरतो आता, पण कानस धरली की थांबतो. गुण्या लावला. चारही बाजू काटकोनात. माझ्या टेबलावरचा तळ सोडवला, तोही रंगवला, आणि सगळं धूड भाड्याच्या टेम्पोत घालून दादाच्या गावी गेलो. वाटेत पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होतो. ठरलं होतं, "घे, तुझ्या बाजू जरा वाकड्या होत्या."

दार वहिनीनं उघडलं. तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, दादा आहे का.

"उशीर केलात, भाऊजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दादाला जाऊन पंधरवडा झाला होता. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वहिनी म्हणत होती की मी स्वतः जाऊन भाऊजींना घेऊन येते. तर दादानं तिला अडवलं. म्हणाला, त्याला घाई करू नकोस, घाईत त्याचा हात बिघडतो. दादा गेल्यावर तिनं मला शोधायची खटपट केली, पण माझा नंबर त्या घरात कुणाकडेच नव्हता. माझं घर भंगारवाल्यालाच माहीत, आणि तो पुन्हा फिरकला नव्हता.

"तुमचा निरोप आला तेव्हा हसले खूप. म्हणाले, रंग वाळतोय म्हणाला ना, म्हणजे आता दुसरा हात देणार. मग रोज सकाळी मला म्हणायचे, आज वाळला असेल."

मी पायरीवरच बसलो. वरातीमागून घोडं, आणि ते घोडंसुद्धा मी खरारा करून, सजवून आणलं होतं. दोन हात रंगाचे. एका हातातही तो तेवढाच हिरवा दिसला असता.

वहिनीनं पाणी दिलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. लहानशी खोली, तिच्यात कामाचं टेबल. टेबलावर व्हाइसच्या जागी मोकळी भोकं. बाजूला भिंतीला चिकटून एक खाट होती, इतकी अडचणीत की तिच्यावरून उतरायचं तर पायाकडून सरकत यावं लागलं असतं. दादा शेवटी इथंच झोपायचा म्हणे. मी विचारलं, खाट अशी कोपऱ्यात कोंबून का लावली, टेबलाच्या पलीकडे एवढी जागा रिकामी आहे.

टेबल खोलीच्या मधोमध होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मीही तेच म्हणायचे," वहिनी म्हणाली. "या घरात आलो तेव्हापासून म्हणतेय. तिकडं कपाट ठेवू दिलं नाही, खाट लावू दिली नाही. ती डाव्याची बाजू आहे म्हणायचे."

मग ती चहा टाकते म्हणून आत गेली. मी टेम्पोवाल्याला हात लावायला बोलावलं. तळ टेबलाला आवळला, त्यावर व्हाइस ठेवला, आणि बोल्ट घालून तो आमच्या दोघांच्या चारही बाजूंवर पान्यानं घट्ट केला. जराही हलला नाही. टेम्पोवाला मदतीसाठी समोर, दादाच्या बाजूला, येऊन उभा राहायला लागला, तेव्हा मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि माझ्या बाजूनं उभा राहिलो.