द्वादशीचं तुळशीपान

तिसऱ्या बेटावरच्या बागेत शिरताना ताराबाईंनी फाटकाशी चपला काढल्या आणि सुनेनं, हर्षानं, खुणावल्यावर पुन्हा घातल्या.

"आई, हे काही देऊळ नाही."

"झाडं हायेत ना," ताराबाई म्हणाल्या. हर्षा हसली आणि नवऱ्याच्या, अमरच्या मागे फोटो काढायला पुढे गेली.

भोजराज बायकोच्या बरोबरीनं चालत राहिले. चालणं कसलं, दोघंही नुसते पाय ओढत होते. गावी सानगडीत धान चुरून-मळून घरात आलं आणि पोरानं हट्ट धरला, की यंदाच्या थंडीत माय-बाबाला उबदार बेटं दाखवायची, तिथले बगीचे दाखवायचे. कोचीहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटंही काढून मोकळा झाला. पोराचं मन मोठं, त्यात खोट नाही. पण बंदरावरच्या तपासणीत ताराबाईंचा डबा उघडला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली तुळशीची पानं निघाली. झाडपाला जहाजावर चालत नाही म्हणून ती तिथंच काढून घेतली.

ताराबाईंचा नेम असा, की तुळशीपान तोंडात घातल्याशिवाय अन्नाचा कण घ्यायचा नाही. शहापूरच्या सप्ताहात एका रात्री कीर्तन असं काही रंगलं होतं, की टाळकऱ्यांचे हात थांबेनात. त्या मांडवातून ताराबाई उठल्या त्या गळ्यात माळ आणि मनात नेम घेऊनच. तो बाळंतपणात मोडला नाही, दुखण्यात मोडला नाही.

बंदरावर भोजराजांनीच समजूत घातली होती. "अवं, बगीचेच पाहाले चाललो ना आपण? बगीचा म्हटलं का तुळस आलीच. तिथून घेऊ." त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो गावच्या देवळामागचा बगीचा. तुळस, झेंडू, कण्हेर. पहिल्या बेटावर निघाले ताडमाड आणि झाडाच्या खोडावर लटकलेली जांभळी फुलं. दुसऱ्यावर माणसाहून उंच निवडुंग. तुळस कुठंच नाही. जहाजावर पंगतीगत अन्न मांडलेलं असे आणि ताराबाई दूध-केळावर निभावत होत्या. बोट लागली असेल, असं अमरला वाटत होतं.

"सांगून टाकू काय त्याले?" भोजराजांनी आता पुन्हा विचारलं.

"कायले? हौसेनं आनलं त्यानं. तोंड उतरंल त्याचं."

"आन् तुहं उतरलं ते?"

"माहं कोन पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना."

"तुमी तं लग्नापासून पाहून राहिले. काय फरक पडला?" त्या हसल्या आणि हसण्यानंच दमून कठड्यावर टेकल्या.

भोजराज एकटेच पुढे गेले. पाण्याच्या टाकीमागे औषधी झाडांचा एक लहानसा वाफा होता. तिथं, बाकीच्या झुडपांच्या कडेला, मंजिऱ्यांनी वाकलेली तुळस उभी होती. आपल्या अंगणातली असावी तशीच. त्यांचे हात आपोआप जुळले. आणि जुळल्या हातांनीच त्यांना आठवलं, आज बारस, द्वादशी.

काल एकादशी झाली. ते रोज सकाळी जहाजाच्या कठड्याशी नामस्मरण करत आणि तिथी मनात ठेवत. ताराबाईंचा मात्र रोजच उपास, म्हणून एकादशी कधी आली नि गेली त्यांना कळलंच नव्हतं. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. घरी असते तर तिनं आदल्या दिवशीच पानं खुडून ठेवली असती. भोजराजांनी खाली वाकून गळालेलं पान शोधलं. वाफा झाडून लख्ख केलेला. सांगावं, तर ती हात लावणार नाही. उद्या दिवसभर नुसता समुद्र. न सांगावं, तर तिच्या हातून नकळत चुकायचं.

मागून तिची पावलं वाजली. "भेटली काय जी?"

भोजराजांनी पाणी घालणाऱ्या माळणीला पानाकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं. तिनं होकाराची मान डोलावली. ताराबाई जवळ येऊन हात पुढे करणार, तोच त्यांनी घाईनं एक पान खुडलं. "ठेव पदराच्या गाठीत, एक पान कोनाले दिसत नाही. जहाजावर गेलं का खाय."

"मी तोडलं असतं ना."

"वाकू नको, चक्कर येईल."

दुपारी जहाजावर ताराबाईंनी पान तोंडात घातलं आणि वरण-भात असा जेवल्या, की अमर म्हणाला, "माय, आज तुले बरं वाटून राहिलं वाटते." तो आणि हर्षा गोड आणायला उठले. तेव्हा कुठं ताराबाईंचं लक्ष समोर गेलं. भोजराजांपुढे नुसतं पाणी होतं.

"तुमी काहून नाही जेवत?"

"भूक नाही."

त्या बघत राहिल्या. ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजून झालं. "आज बारस हाय."

भोजराजांनी पाण्याचा घोट घेतला.

"म्हनून मले तोडू नाही देल्लं."

"तू जेवली ना. झालं."

"दोष तुमी घ्यावा अन् भात मी खावा, हे कोनतं शास्त्र?" आवाज चढला नाही, थकलेलाच होता. उरलेल्या भाताचे त्यांनी मधोमध दोन भाग केले आणि ताट भोजराजांपुढे ढकललं. "पान माह्या पोटात गेलं. अर्धा दोष माह्या नावावर. जेवा आता, पोरं येऊन राहिले."

भोजराजांनी एक घास घेतला. भात गार झाला होता.