पाठदुखीचा वर्ग

अक्षता दाराकडे पाठ करून पाच मिनिटं डोळे मिटून पडली आणि चक्क घोरली. पण हे झालंच नाही असं धरून चालू या. आता त्याला साक्षीदार मिळणं कठीण आहे.

दक्षिण दिल्लीतल्या त्या सरकारी वसाहतीच्या हॉलमध्ये दर बुधवारी अकराला योगवर्ग भरायचा. नवऱ्याचा मार खाल्लेल्या, खात असलेल्या बायकांसाठी. आता असं सांगून घरातून कोण निघणार? म्हणून बोर्ड लावला ‘पाठदुखी निवारण’. महिन्याभरात वसाहतीत पाठदुखीची साथ आली.

शिकवणाऱ्या तेजश्रीचं सगळंच उलटं. ती कुणाला हात लावत नसे, कुणाच्या मागे उभी राहत नसे. “हवं असेल तर हात वर घ्या. नको असेल तर राहू द्या.” पहिल्या दिवशी अक्षताने बारा वेळा ‘नको’ म्हणून पाहिलं. बाराही वेळा काहीच झालं नाही. ती घाबरून घरी गेली.

दार सताड उघडं, सगळ्या चटया दाराकडे तोंड करून. कोण येतंय ते दिसावं म्हणून. अक्षता चार महिने दाराकडे बघत आसनं करत होती. मग एका बुधवारी तिने चटई फिरवली आणि ती पाच मिनिटं आली, जी आलीच नाहीत.

त्याच आठवड्यात असोसिएशनचे सेक्रेटरी गुलाबराव फॉर्म घेऊन आले. माणूस सज्जन, म्हणून जास्त धोकादायक. हॉल वापरायचा तर अलॉटीची सही हवी. अलॉटी म्हणजे ज्याच्या नावावर क्वार्टर तो. म्हणजे नवरा.

“काका, माझी सही चालेल ना?” अक्षताने विचारलं.

“बेटा, क्वार्टर तुझ्या नावावर आहे का? नियम बायकांच्या सुरक्षेसाठीच केलाय.”

“मग राहू द्या. मी नाही येत.”

“अरे यार, एका सहीसाठी? थांब, मीच बोलतो.”

आणि त्यांनी तिच्या नवऱ्याला, अंशुमनला, थेट ऑफिसात फोन लावला. “साहेब, मिसेसची पाठ एवढी दुखते, कधी चौकशी केलीत का?”

पुढच्या बुधवारी अंशुमन हाफ डे टाकून आला. सही केलेला फॉर्म, बायकोसाठी पाण्याची बाटली. खुर्ची ओढून तो नेमका दारात बसला.

“सर, प्लीज बाहेर थांबता का?” तेजश्री म्हणाली. “हा फक्त बायकांचा वर्ग आहे.”

“मॅडम, अलॉटी आहेत ते!” गुलाबराव कौतुकाने म्हणाले. “आजकाल एवढं कोण करतं?”

सगळ्या चटया दाराकडे तोंड करून होत्या. अक्षताचीसुद्धा, ती तिने आल्या आल्याच सरळ केली होती.

“हवं असेल तर डोळे मिटा,” तेजश्री कसंबसं म्हणाली.

“मिट ना अक्षू,” अंशुमन हसून म्हणाला. “मॅडम सांगतायत ना.”

अक्षताने ताबडतोब मिटले. मिटल्या डोळ्यांआड तिने अर्ज लिहायला घेतला. मा. सेक्रेटरी महोदय, विषय: पाठ. अर्जदार सदर पाठ गेली एकतीस वर्षे वापरत असून तिच्यावरील सर्व खुणा अन्य व्यक्तीने केलेल्या आहेत. सबब, सदर पाठ पुढील आदेश होईपर्यंत अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर अलॉट करण्यात यावी, ही नम्र विनंती.