खणातले चार कागद

मुलांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीपुढची नव्हे. ती तुम्ही पाहिलीही नसेल, तुमच्या घरी गॅसचा कान पिळला की जाळ होतो. मी माणसाच्या छातीत किती दम आहे ते मोजणारी फुंकणी. माझं खरं नाव इंग्रजी आहे, चांगलं लांबलचक, पितळी पट्टीवर कोरलेलं. ते आजवर कोणी धड म्हटलं नाही, म्हणून मीही सांगत बसत नाही.

तुम्ही मला रोज पाहता. शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीशी जो लोखंडी गाडा आहे, ज्यावर पावसाळ्यात तुम्ही छत्र्या वाळत घालता, ती मीच. मी काही बोलत नाही याचा अर्थ मला राग येत नाही असा नाही.

मी लाकडी खोक्यात, भुशात बसून रेल्वेने भोपाळला आले, तेव्हा ही कारखान्याची वसाहत अगदी नवी होती. क्वार्टरांच्या भिंतींना चुन्याचा वास येत होता आणि रस्त्याकडेचे कडुलिंब माणसाच्या गुडघ्याएवढे होते. दवाखान्याच्या कोपऱ्यातली खोली मला मिळाली. माझं अंग साधं आहे. चाकांचा गाडा, त्याला तीन खण, वर पाण्याची टाकी, टाकीत एक हलका उलटा डबा. नळीतून कोणी फुंकलं की डबा वर उठतो आणि पेन कागदावर रेघ ओढतं. जितका दम, तितकी उंच रेघ. फुंकणारा साहेब आहे की झाडूवाला, हे पेनाला कळत नाही. त्या वसाहतीत तसं दुसरं कोणी नव्हतं.

माझे मालक म्हणजे विश्वनाथ काका, ग्वाल्हेरचे. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात द्यायची आणि ओरडायचं, "मोठा श्वास घ्या. आता सोडा. सोडा, सोडा, सोडा, अजून आहे आत, ठेवता कोणासाठी, सोडा." बाहेर रांगेतले लोक हसत. वसाहतीतली पोरं पतंगाची ढील देतानासुद्धा त्यांची नक्कल करीत.

हा खटाटोप कशासाठी, ते नीट ऐका. कारखान्यात फाउंड्री होती. तिथे वाळूचे साचे करून त्यात वितळलेलं लोखंड ओतत. साचा फोडला की धूळ उठे. जी धूळ डोळ्यांना दिसते ती फार काही करत नाही, खोकल्याबरोबर बाहेर पडते. जी दिसत नाही ती छातीत जाऊन बसते. दुखत नाही, खुपत नाही. माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दर वर्षी फुंकायचं आणि यंदाची रेघ गेल्या वर्षीच्या रेघेशेजारी ठेवायची. खाली आली असेल तर माणसाला धुळीतून बाहेर काढायचं. एवढंच माझं शास्त्र. एकट्या रेघेला काही अर्थ नसतो, शेजारी दुसरी लागते.

पण लोकांचा माझ्यापेक्षा गुळावर भरवसा. पाळी सुटली की कॅन्टीनमधून प्रत्येकाला गुळाचा एक खडा मिळे. गुळाने धूळ उतरते, असं फाउंड्रीत सगळे मानत. त्यांचे बाप मानत होते, म्हणून तेही मानत. मी म्हणते, गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत. त्यांची भेट होणार कुठे?

सदाशिव लांजेवार तिथलाच. भंडाऱ्याकडचा माणूस, साचे करणारा कारागीर. मोठ्या यंत्राचा साचा असला की साहेबसुद्धा त्याला विचारून पाऊल टाकत. त्याचा गुळाचा खडा तो कधी खात नसे. रुमालात बांधून घरी नेई, लेकीसाठी. लेकीचं नाव सरोज. नाव ऐकून कान टवकारले ना? थांबा, येते तिथवर.

एका वर्षी सदाशिवची रेघ थोडी खाली आली. फार नाही, दोन बोटं. विश्वनाथ काकांनी दोन्ही कागद त्याला दाखवले.

"सदाशिव, अजून काही बिघडलेलं नाही. पण पुढच्या वर्षी असंच झालं तर तुला हलकं काम द्यावं लागेल. स्टोअरमध्ये."

"हलकं काम म्हणजे खिळे मोजायचे?"

"जीव राहतो त्यात."

"राहतो, पण माणूस राहत नाही, भाऊ."

आता तुम्हाला हे कळणार नाही. फाउंड्रीत 'हलक्या कामाचा' ही शिवी होती. ज्याला तिकडे पाठवत त्याच्याबरोबर लोक डबासुद्धा खाईनात, आजाराच्या भीतीने नव्हे, उगाच लाजेने. सदाशिवला ती लाज मरणाहून मोठी वाटली.

त्याचा जिवलग दोस्त नारायण, उज्जैनचा. तोही फाउंड्रीतलाच. वसाहतीच्या गणपतीत आरतीला शंख तोच फुंकायचा. असा लांब, की आरती संपून लोक प्रसादाच्या रांगेत लागले तरी याचा शंख चालूच. पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी माझ्यासमोर आला तो बिल्ला सदाशिवचा, आणि नळीत आलेली फूक नारायणची.

विश्वनाथ काकांना कळलं नाही? सांगते. लोक चालू पाळीतून उठून येत, सगळ्यांची तोंडं काळी. शिवाय त्या वर्षीपासून दिवसाला चाळीस माणसं उरकायचा हुकूम आला होता. काका बिल्ल्याचा नंबर वाचत, तोंडाकडे बघत नसत. कागद शेजारी ठेवायलाही वेळ नव्हता. रेघ उंच दिसली की 'ठीक' लिहून पुढचा.

मला मात्र कळलं. मला नावं कळत नाहीत, श्वास कळतात. सदाशिवच्या रेघेला सुरुवातीला एक बारीक झटका असे, फुंकण्याआधी घसा खाकरायची त्याला सवय होती. ही रेघ सरळ, गुळगुळीत, डबा पार वरच्या कड्याला नेऊन टेकवणारी. मी काय करणार? मी खरीच रेघ ओढली. फक्त माणूस खोटा होता.

दाराबाहेर दोघं हसताना मी ऐकलं. नारायण म्हणाला, "बस इतकंच ना यार? एक फूक तर मारायची. तू साचे कर, फुंकायचं काम माझ्यावर सोड."

आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं. प्रेमाने केलेली चूक फार नीट जमते, मुलांनो.

तिसऱ्या वर्षी तपासणीची तारीख बदलली. नारायण आईच्या आजारपणासाठी उज्जैनला गेला होता. सदाशिव स्वतः आला. नळी तोंडात धरली, खाकरला, फुंकला. डबा जेमतेम चार बोटं हलला आणि खाली बसला.

"मस्करी नको रे," काका म्हणाले. "परत."

परत तेच. तिसऱ्यांदा तर त्याहून कमी, आणि नंतर असा खोकला की रांगेतलं हसू थांबलं. काकांनी दार लावलं. त्याच्या तपासणीच्या कार्डाला लावलेले जुने कागद काढले आणि माझ्या गाड्यावर शेजारी शेजारी मांडले. चार कागद. पहिला दोन बोटं उतरलेला. मधले दोन उंच. आणि आजचा.

"हे मधले दोन कोणाचे?"

"बिल्ला माझा आहे ना, भाऊ. मग माझेच."

"बिल्ला तुझा. फूक कोणाची?"

सदाशिवने बिल्ला खिशात घातला. मग म्हणाला, "गणपतीत शंख कोण फुंकतं, तुम्हाला माहीत आहे. त्याचं नाव लिहू नका. पोराबाळांचा माणूस आहे."

काकांनी कार्डावर नाव लिहिलं नाही. आजचा आकडा तेवढा चढवला, मधल्या दोन कागदांच्या पाठीवर काहीतरी लिहिलं, आणि ते चार कागद माझ्या मधल्या खणात तळाशी सारले. दोन वर्षं ते स्वतः त्या कागदांकडे न बघता 'ठीक' लिहीत आले होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी सदाशिवच्या बायकोला बोलावलं. इंदुमती तिचं नाव. बाई तिखट, मिरचीने दृष्ट काढावी अशी. बरोबर आठ वर्षांची सरोज, दोन वेण्या, हातात पाटी.

"यांचा दम कमी झाला?" इंदुमती आत येता येताच म्हणाली. "घरी भांडताना तर कमी नसतो."

मग दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं. धूळ छातीत बसली आहे. गेलेला दम परत येत नाही. दोन वर्षं आधी कळलं असतं तर आहे तेवढा राखता आला असता. डॉक्टरीणबाई निघून गेल्या. खोलीत विश्वनाथ काका होते, सदाशिव होता, या दोघी मायलेकी आणि मी.

तिखट माणसाला दुःख झालं की त्याला पहिल्यांदा कोणाला तरी बोलावंसं वाटतं. इंदुमती नवऱ्याकडे वळली. "रोज गूळ खात होतात ना?"

उत्तर लेकीने दिलं. "बाबा मला आणून द्यायचे."

"म्हणजे बापाचं औषध तू खाल्लंस."

बस, एवढंच. सदाशिव काहीतरी सांगायला उठला, पण आधी खोकला आला आणि शब्द त्यात बुडाले. काका कार्ड चाळत राहिले. त्यांनी खरं सांगितलं असतं, तर नारायणचं नाव घ्यावं लागलं असतं. पोरीने पाटी छातीशी घट्ट धरली. ती रडली नाही. रडली असती तर बरं होतं.

सदाशिव स्टोअरमध्ये गेला. खिळे मोजत तीन हिवाळे काढले. चौथा त्याला मिळाला नाही.

तो गेल्यावर इंदुमती त्याचं औषधाचं कार्ड परत द्यायला दवाखान्यात आली. सोबत नारायण. कार्ड टेबलावर ठेवलं आणि नारायण एकदम खाली, फरशीवर बसला.

"वहिनी, दोन वर्षं फूक माझी होती. तो घाबरला होता. मला वाटलं, यारी करतोय."

इंदुमतीने टेबलावरचं कार्ड सरळ केलं. मग म्हणाली, "नारायणभाऊजी, तुम्ही वैरी असतात तर बरं झालं असतं. दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते."

"सरोजला मी सांगतो."

"नाही सांगायचं, शब्द द्या मला. तिला एक बाप गेला. दुसरा मी माझ्या हाताने घालवणार नाही."

शब्दाला पक्की बाई. मरेपर्यंत तिने सांगितलं नाही. पण गुळावरून आपण पोरीला काय बोललो होतो, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. एक गोष्ट तिने लपवली आणि दुसरी विसरली. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नाही.

नारायणने त्यानंतर गणपतीत शंख हातात धरला नाही. सरोजला मात्र तो सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. तिच्या लग्नात बापाच्या पाटावर तोच बसला.

विश्वनाथ काका बदलले. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक माणसाचं तोंड ओल्या फडक्याने पुसायला लावून बघत, आणि कागदाशेजारी कागद ठेवल्याशिवाय सही करत नसत. साहेब ओरडले तर म्हणत, "चाळीस होणार नाहीत. वीस होतील." त्या विसांतले कितीतरी वेळेवर धुळीतून बाहेर आले. ते लोक इथे जवळच अवधपुरीत घरं बांधून राहिले, नातवंडं खेळवली. त्यांतले काही तुमचे आजोबा असतील. तेवढा माझा अभिमान मी सोडणार नाही.

पुढे हातात मावणारी यंत्रं आली. माझ्या टाकीतलं पाणी ओतून टाकलं आणि मला गोदामात ढकललं. तिथे अकरा वर्षं मी पाली पाहिल्या. वसाहतीतले लोक पांगले, क्वार्टरांना कुलपं लागली, गुडघ्याएवढे कडुलिंब छपराला टेकले. मग कोणीतरी मला मुलांना दाखवायला म्हणून शाळेत दिलं. विज्ञानाच्या बाई मला उतरवून घ्यायला आल्या, आणि त्यांनी एकदा घसा खाकरला. तो बारीक झटका मी ओळखला.

तुमच्या सरोजबाई. फुप्फुसांचा धडा त्या तुम्हाला माझ्याशेजारी उभ्या राहून शिकवतात, पण नळीला हात लावत नाहीत. संक्रांतीला तुम्ही तिळगूळ देता तेव्हा 'घरी खाते हं' म्हणून पर्समध्ये टाकतात आणि संध्याकाळी माळ्याच्या पोरांना वाटतात. तुम्हाला वाटतं, बाईंना साखरेचा आजार असेल. बाईंना कसलाच आजार नाही. आठ वर्षांची एक पोर पाटी घट्ट धरून अजून त्या खोलीत उभी आहे.

शनिवारी शाळा सुटताना फाटकाशी एक म्हातारे आजोबा थांबलेले असतात, शहरातल्या अशोका गार्डन वस्तीतून बसने येतात. बाई त्यांना 'काका' म्हणतात आणि हात धरून रस्ता ओलांडून देतात. ते नारायण. त्यांनाही हे गुळाचं माहीत नाही. नाहीतर त्यांनी इंदुमतीला दिलेला शब्द कधीच मोडला असता.

मला तेल घाला, पुसा, असं मी म्हणत नाही. छत्र्याही खुशाल वाळवा. पण तुमच्या घरातलं कोणी धुळीत, धुरात, दणदणाटात काम करत असेल, तर त्यांच्या तपासणीचा कागद मागून घ्या, गेल्या वर्षीचा शेजारी ठेवा आणि स्वतः बघा. आणि कितीही जीव लावत असाल, कोणाच्या वतीने फुंकू नका.

आणि एक काम कराच. माझा मधला खण गंजलाय, अडकतो. डावीकडून जरा उचलून ओढा. तळाशी चार कागद आहेत. मधल्या दोन्हींच्या पाठीवर विश्वनाथ काकांच्या हाताने लिहिलंय, 'फूक नारायणची, बिल्ला सदाशिवचा.' चारही कागद बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा. वाचता त्यांना येतं, समजावून सांगायची गरज नाही. बाई नारायणकाकांवर रागावतील. रागावू द्या. ज्याच्या सायकलवर बसून आपण शाळेत गेलो, त्याच्यावरचा राग किती दिवस टिकतो?

त्या दिवशी बाईंना काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी मात्र गुळाचा एक खडा रुमालात बांधून न्या, आणि त्यांच्या हातावर ठेवून तिथेच उभे राहा.