लांब सीटची पहिली सायकल

उंच हँडलची, लांब सीटची ती छोटी सायकल. दोन पिढ्यांतल्या पोरांनी जिच्यासाठी घरात लोळण घेतली, ती काढली कुणी? कारखान्याच्या फाटकावरचा फलक म्हणतो, मालकांनी. लहानपणी म्हणे स्वप्नात पाहिली होती. झोपेतच पाहिली असणार; जागेपणी त्यांनी कधी पाना धरला नव्हता.

काढली सीटवालीच्या नवऱ्याने. तो कारखान्यात वेल्डर, ती तिथेच सीटा शिवायची. घरात पोरं दोन, सायकल एक, रोज झोंबाझोंबी. वेल्डरने भंगारातल्या नळ्या जोडल्या, तिने दोघं मावतील अशी लांब सीट शिवली. मालकांनी "बघून देतो" म्हणून सायकल नेली. सायकल परत आली, पण तोवर तिच्यासारख्या शेकडो बाजारात होत्या. वेल्डरने तोंड उघडलं, तर कुठलातरी जोड कच्चा निघाल्याचं निमित्त करून त्याला हाकलला. कारखान्याची रीतच ती: चांगलं झालं की मालकाचं, बिघडलं की कामगाराचं.

"माझं नाव तरी लावायचं होतं," म्हणत म्हणत तो वारला.

आता कारखान्याला पन्नास वर्षं झाली. मॅनेजर गोड हसत सीटवालीच्या दारात आला. समारंभात ठेवायला पहिली सायकल हवी होती.

"न्या की," सीटवाली म्हणाली. "पण मालकांनी स्वतः चालवून दाखवायची. त्यांचीच ना ती?"

मॅनेजर खूश. लेक मात्र भडकली. "आई, त्या चोराला सायकल देतेस? बाबांची?"

"उसनी देतेय. तू लहानपणी तिच्यावरून का पडायचीस, आठवतं?"

लेकीला आठवलं. ती सीट मागच्या चाकाच्याही मागे जायची. एकट्याने बसायचं तर पुढे सरकून. मागे रेलून हँडल ओढलं की पुढचं चाक घोड्यासारखं उभं. विकायच्या सायकलींची सीट नंतर आखूड झाली होती. आणि जाहिरातीत मालक नेहमी मागे रेलूनच बसलेले.

"आई गं," लेक म्हणाली. "सांगायचं नाही त्यांना?"

"ज्याने बनवली त्याला मी काय शिकवणार?"

समारंभात हार, भाषण, फोटोवाले. मालक ऐटीत बसले, अगदी मागे. सीटवाली पहिल्या रांगेत होती. एक शब्द बोलली असती तर माणूस पडण्यापासून वाचला असता. बोलली नाही. मालकांनी हँडल ओढलं, पायडल मारलं. चाक उठलं आणि मालक हारासकट पाठीवर आपटले.

आधी हशा पिकला. मग मालक कंबर धरून किंचाळले, "हे डबडं मी नाही बनवलं! त्या हलकट वेल्डरने बनवलंय! सीटही त्याच्या बायकोचीच!"

एक वार्ताहर पुढे झाला. "कोण वेल्डर?"

सीटवाली उठली. नवऱ्याचं नाव तिने सांगितलं, आडनावासकट, सावकाश, लिहून घेता येईल असं. मग म्हणाली, "साहेब म्हणतात तेच खरं. तेवढं फलकावरही घाला."

तिला वाईट वाटलं का? तसूभरही नाही. व्यासपीठावर चढली तेव्हा मालक जमिनीवरच कण्हत होते. त्यांनी उठायला हात पुढे केला.

तिने वाकून सायकल उचलली.